सम ‘अचानक’ का येते?

साताऱ्याच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. वय ३८, नोकरी सांभाळून ५ वर्षं गाणं शिकतायत. घरी इलेक्ट्रॉनिक तबल्यावर बडा ख्याल (संथ लयीतलं गाणं) नीट बसतो, पण परवा एका घरगुती बैठकीत विलंबित एकतालात, म्हणजे संथ चालणाऱ्या बारा मात्रांच्या तालात, दोनदा सम (तालाच्या फेरीतला पहिला ठोका) चुकली. एकदा मुखडा, म्हणजे समेवर नेऊन पोचवणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, फार आधी उचलला गेला, तर दुसऱ्यांदा सम ‘अचानक आली’ आणि त्या मागाहून पोचल्या. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, ‘ऐकत जा, येईल आपोआप.’ ताईंना जाणून घ्यायचंय की त्यांच्यात तालाची जाणच कमी आहे, की या वयात हे व्हायचंच नाही, की यात काही युक्ती असते.

मी मिरजेचा. गेली ३० वर्षं गायकांच्या शेजारी बसून तबला वाजवतोय. श्रोत्यांना गायकाचा चेहरा दिसतो, पण सम जवळ आली की त्याच्या मानेत, हातात, श्वासात काय होतं ते तबलजीलाच दिसतं. त्यामुळे सम कोण कशी चुकतं याचा माझ्याकडे भरपूर साठा आहे. त्यात माझ्या स्वतःच्या चुकाही आल्या.

आधी ‘जाण कमी’ हे डोक्यातून काढून टाका. २००९ मध्ये बुडापेस्टमधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा एक ठराविक ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूच्या लहरींत त्या गाळलेल्या जागी वेगळा प्रतिसाद उमटला. म्हणजे ठोका येणार ही अपेक्षा झोपेतही तयार होती, म्हणून तो न आल्याचं कळलं. तुम्ही ३८ वर्षांच्या आहात. तेवढी शिदोरी तुमच्याकडे नक्की आहे.

मग चुकतं कुठे? तुम्ही ‘अचानक’ हा शब्द वापरलात, तिथेच मला उत्तर दिसलं. सम कधीच अचानक येत नाही, ती दर आवर्तनात, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत, ठरल्या जागी येते. तरी माणूस दचकतो तो दोन कारणांनी. एकतर तो कसलीच वाट बघत नव्हता, नाहीतर भलत्याच ठिकाणी वाट बघत होता. तुमच्या दोन चुकांत मला हे दोन्ही वेगवेगळे आजार दिसतात. मागाहून पोचलात तो पहिला, आधी उचललात तो दुसरा. औषधही वेगळं आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. एखाद्याला मेट्रोनोम (ठराविक अंतराने टिकटिक करणारं यंत्र) लावून द्या आणि टिकटिकीबरोबर टाळी वाजवायला सांगा. गंमत अशी की बहुतेकांची टाळी टिकच्या किंचित आधी पडते, सेकंदाच्या काही शतांश इतकी. म्हणजे तो टिक ऐकून टाळी वाजवत नाहीये, पुढची टिक कुठे पडणार हे धरून हात आधीच निघालेला असतो. आता टिका लांब लांब करत न्या. दोन टिकांमधलं अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेलं की चित्र बदलतं. हात थांबतो, टिक ऐकतो, मग टाळी पडते. अंदाज संपला, प्रतिक्रिया सुरू झाली.

विलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालातला एक ठोका, चार सेकंदांची धरू. काही गायक याहून संथ गातात, काही थोडं चढं, हे घराण्यावर आणि त्या दिवशीच्या मिजाशीवर असतं. चार सेकंद म्हणजे आत्ता सांगितलेल्या सीमेच्या दुप्पट. इतक्या लांबच्या ठोक्याला ‘लय’ म्हणून शरीर धरूच शकत नाही. तुम्ही मात्रा ऐकता, ‘हां, ही नववी’ म्हणता, पण दहावी कधी पडणार हे अंगात नसतं. असं एकेक ऐकत बारावीपर्यंत आलात की समही ऐकूनच कळणार, आणि ऐकून कळली म्हणजे उशीर झालाच. यात जाणेचा काही दोष नाही. अख्खी मात्रा तोंडात न मावणारा घास आहे, तो तोडून खावा लागतो.

तोडल्याने काय होतं त्याचा ढोबळ हिशोब सांगतो. कालावधी जितका लांब, तितकी अंदाजातली चूक मोठी, आणि ती साधारण त्याच प्रमाणात वाढते. समजा तुमची चूक शंभराला पाच आहे. बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. ते एकदम अंदाजाने तोलायला गेलात तर अडीच सेकंदांच्या आसपास चुकाल, म्हणजे अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त. मुखडा गेलाच. पण प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, म्हणजे एकेक सेकंदाचे ४८ तुकडे, तर प्रत्येक तुकड्यात चूक उरते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याची. काही तुकडे पुढे पडतात, काही मागे, आणि ते एकमेकांना खोडत जातात. शेवटी उरते ती चूक अर्ध्या सेकंदाच्याही आत. एक अट मात्र आहे. चुका दोन्ही बाजूंना व्हायला हव्यात. तुमचा प्रत्येक तुकडा थोडा घाईचाच असेल तर त्या खोडल्या जात नाहीत, साठत जातात. आमच्याकडे त्याला ‘लय चढली’ म्हणतात.

आणि हे तुकडे तुम्हाला एकटीने मोजायचे नाहीत. ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे त्या तालाचे ठरलेले बोल, ते मोजूनच देत असतो, आपण फक्त ‘मागे तबला चालू आहे’ असं धरून बसतो. एकताल म्हणून बघा: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. सरळ ठेक्यात ‘धागे’ने मात्रेचे दोन भाग झाले, ‘तिरकिट’ने चार. ति, र, कि, ट, चार सेकंदांच्या मात्रेत प्रत्येक अक्षर एका सेकंदाचं. म्हणजे ऐन मोक्याच्या दहाव्या मात्रेवर तबलजी तुम्हाला सेकंदाचं माप हातात देतो. ते उचला आणि तेच माप पुढच्या ‘धी’ आणि ‘ना’मध्ये मनात चालू ठेवा. आठ अक्षरं संपली की सम.

आता दुसरा आजार, आधी उचलण्याचा. ‘धागे तिरकिट’ एकतालात दोनदा येतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल, एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि एकदा नवव्या-दहाव्यावर. नवशिका ‘तिरकिट ऐकलं की मुखडा’ असं शिकतो. खूण बरोबर आहे, पण ती दोन ठिकाणी आहे. मन आलापात असताना चौथ्या मात्रेवरचं तिरकिट कानावर पडतं, शरीर दहावं समजून सावध होतं, आणि मुखडा बरोबर सहा मात्रा आधी उठतो. तुम्ही ‘फार आधी’ लिहिलंय म्हणून मला हीच शंका आहे. रेकॉर्डिंग असेल तर मोजून बघा. चूक सहा मात्रांची निघाली, तर तुमची लय उत्तम आहे, फक्त वळण चुकलंय. साताऱ्याहून निघून कराडला उतरायचं आणि माणूस उंब्रजलाच उतरला, तसं.

यातून सुटायचे दोन रस्ते. एक, तिरकिटाच्या मागे बघायचं. दुसऱ्या तिरकिटाच्या आधी ‘कत् ता’ येऊन गेलेलं असतं, पहिल्याच्या आधी नाही. कत् हा दाबलेला, कोरडा आवाज अख्ख्या आवर्तनात एकदाच येतो, बरोबर अर्ध्यावर. मी माझ्याकडे येणाऱ्या गायकांना सांगतो की आधी समेचा नाद सोडा, महिनाभर फक्त कत् पकडा. आलापात कितीही लांब गेला असाल तरी कत्‌वर मान हलली पाहिजे. कत् सापडलं की पुढचं तिरकिट तुमचंच. दुसरा रस्ता, तिरकिटाच्या पुढे ऐकायचं. पहिल्यानंतर ‘तू’ येतो, त्यात डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा, खर्जाचा) नाही. दुसऱ्यानंतर ‘धी’ येतो, त्यात डग्गा घुमतो. घुमला तर दोन मात्रा उरल्या, नाही घुमला तर अजून आठ. अर्थात तुमच्या बंदिशीचा मुखडा अकराव्याच्या आधी उठत असेल तर हा दुसरा रस्ता उशिराचा, मग कत्‌शिवाय गत्यंतर नाही. मुखडा नेमका कुठून उठतो हे गुरुजींकडून बोल लावून समजून घ्या, ‘तिथून जवळपास’ यावर भागवू नका.

तीनतालवाल्यांसाठी जाता जाता: दहाव्या मात्रेपासून डग्गा गायब होतो आणि चौदाव्याला परत येतो. तो परत आला की तो धरून तीन मात्रा उरल्या. मध्यलयीत एवढं पुरतं.

स्वयंपाकघरातला कुकर आठवा. पहिली शिट्टी कधी होईल ते पाणी किती, डाळ किती, आच किती यावर असतं, त्यामुळे तिचा भरवसा नाही. दुसरी झाली की पहिली ते दुसरी एवढं अंतर हाती येतं. तिसरीला माझ्या आईचा हात शिट्टी वाजण्याआधीच गॅसच्या बटणाकडे गेलेला असायचा, आणि त्याच वेळी ती शेजारणीशी बोलतही असायची. घड्याळ कुठेच नव्हतं. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतही असंच दिसलं होतं. कुत्र्याला दर अर्ध्या तासाने खाऊ घातलं, घंटा नाही, दिवा नाही, तरी काही काळाने अर्धा तास भरत आला की त्याला लाळ सुटायला लागली. सरलेला वेळ हीच खूण झाली. पण कुकर काय किंवा तो कुत्रा काय, दोन्हीकडे अंतर ठराविक होतं. मैफलीत ते तसं राहत नाही. विलंबित म्हटलं तरी वीस मिनिटांत लय हळूहळू सरकते. पहिल्या आवर्तनात बसवलेलं माप दहाव्या आवर्तनात तसंच वापरलं तर तुम्ही मागे पडणार. म्हणून माप दर आवर्तनाला तिरकिटावरून नव्याने घ्यायचं असतं.

आता घरच्या यंत्राकडे येतो, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. घरी जमतं आणि बैठकीत नाही, याचं कारण सभाधीटपणाचा अभाव असं तुम्हाला वाटत असेल. असेलही थोडं. पण त्या यंत्रावर किंवा मोबाईलवर मात्रेचा आकडा दिसतो ना? तुम्ही ११ दिसला की मुखडा घेता. म्हणजे पाच वर्षांत तुम्ही समेचा अंदाज शिकलाच नाहीत, आकडे वाचायला शिकलात. अंदाज शिकायचा तर तो आधी बांधावा लागतो, मग खरं काय ते समोर यावं लागतं, आणि दोन्हींतला फरक मनाला टोचावा लागतो. त्या टोचण्यातूनच माप सुधारतं. उत्तर डोळ्यांसमोर लिहिलेलं असेल तर अंदाज बांधला जात नाही, चूक होत नाही, आणि शिकणंही होत नाही.

हा दोष यंत्राचाच असतो असं नाही, माझ्यासारख्या माणसाचाही असतो. माझ्याकडे सांगलीहून एक मुलगी रियाजाला यायची. सुरेल, मेहनती. तीन वर्षं तिची सम कधी चुकली नाही आणि मी खूश होतो. मग एका कार्यक्रमात तिला दुसरे तबलजी मिळाले, चांगले जाणकार, पण सरळ ठेका लावणारे. ती तीनदा चुकली आणि रडत माझ्याकडे आली. आम्ही दोघांनी बसून शोधलं तेव्हा कळलं की दर आवर्तनात बाराव्या मात्रेवर मी एक छोटीशी भरण करत होतो, म्हणजे ठेक्यात जादा बोल घालत होतो. सवयच ती. ती पोरगी माझी भरण ऐकून समेवर यायची. एकताल तिला येतच नव्हता, मी येत होतो. त्यानंतर मी शिकणाऱ्यांबरोबर कोरडा ठेका धरतो, जीवावर येतं तरी.

म्हणून रियाज असा करा. यंत्राची पाटी कापडाने झाका. पहिला आठवडा गायचंच नाही. डोळे मिटून ऐका आणि समेवर बोट टेकवा. ऐकून नाही, आधी ठरवून. प्रत्येक वेळी आधी पडलं की मागे, हे वहीत लिहा. सतत मागे पडत असाल तर मात्रा तोडत नाही आहात. सतत थोडं आधी पडत असाल तर तुकडे घाईचे आहेत. कधी आधी कधी मागे, मोठ्या फरकाने, तर मधले टप्पे ऐकू येत नाहीयेत. आणि सहाच्या हिशोबाने चुकत असाल तर ते तिरकिट. दुसऱ्या आठवड्यात कत्‌ला आवाज बंद करायचा, पुढच्या सहा मात्रा मनात चालवायच्या आणि सम वाटली की आवाज उघडायचा. उघडल्यावर तबला कुठे आहे ते ऐकताना पहिल्या दिवशी हसू येईल. माझी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा दोन मात्रा पुढे निघाली होती आणि यंत्र बिघडलंय असं तिचं ठाम मत होतं. लयही रोज थोडी बदला, नाहीतर एकच माप पाठ होईल.

मग आलाप घालून. इथे सगळं पुन्हा मोडेल, त्याने खचू नका. मन गुंतलं की वेळ छोटा वाटतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. आवडीचा आलाप चालू असताना सहा मात्रा तुम्हाला चारच वाटतात आणि सम अंगावर येते. यावर आमच्याकडे जुना उपाय आहे, मोजणं डोक्यातून काढून हातात द्यायचं. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाल्या बारा मात्रा. करंगळीच्या तळाशी सम. अंगठा एकेका मात्रेला एकेक पेर सरकतो. मधल्या बोटाच्या तळाला आलात की कत्. अंगठ्याला तिसरं बोट लागलं हे कळायला मन आलापातून बाहेर काढावं लागत नाही. भाजी निवडताना एक हात मोकळा असेल तर तेव्हाही करता येतं, आणि खरं तर तेव्हाच करावं, दुसरं काही चालू असताना. पुढे कधीतरी अंगठा थांबतो आणि मोजणं चालूच राहतं. ते किती दिवसांत होईल हे मी सांगणार नाही. दहा वर्षांच्या पोराला दोन महिन्यांत झालेलं पाहिलंय, आणि निवृत्तीनंतर शिकायला आलेल्या एका काकांनाही. मध्ये अडकतात ते बहुतेक आठवड्यातून एकदाच तासभर बसणारे.

गुरुजींच्या ‘ऐकत जा’ला मी खोडत नाही. ते बरोबरच आहे, फक्त अर्धं सांगितलंय. आमच्याकडे मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी लहानपणापासून रात्र रात्र बसलोय. कोणी शिकवलं नव्हतं. पण आजूबाजूचे म्हातारे सम यायच्या आधी मांडीवरचा हात उचलायचे. पडायच्या आधी, उचलायचे. मी ते हात बघत बसायचो आणि मग आपण आधी उचलू शकतो का याची स्वतःशीच पैज लावायचो. तेही ऐकणंच, पण पैज लावून. तुम्ही तसं ऐका. त्यासाठी रेकॉर्ड निवडताना जुन्या तबकड्या मात्र घेऊ नका. गाणं अमूल्य आहे, पण तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. ४८ सेकंदांचं आवर्तन धरलं तर चार आवर्तनांत कारभार आटोपला. अर्ध्या-पाऊण तासाचा विलंबित ख्याल असलेलं मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्या.

राहिली पुढची बैठक. तबलजींना आधी भेटून सांगा, ‘दादा, सुरुवातीची चार आवर्तनं सरळ ठेका ठेवा, तिरकिट स्वच्छ वाजवा.’ कुणी वाईट मानत नाही, उलट आम्हाला बरं वाटतं. आणि तरीही सम निसटलीच, तर मागून धावत जाऊन मुखडा समेवर आपटायचा नाही. षड्जावर (‘सा’वर) थांबा, अंगठा मोकळा सोडा, ते आवर्तन जाऊ द्या आणि पुढचं कत् ऐका.